पोर्टलमध्ये नाव टाकण्याआधी क्रेडिटांचा कागद मागवा

पत्र, थोडक्यात:

"आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगा मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारणारा, आहे. स्कॉलरशिप नाही, वॉक-ऑन आहे, म्हणजे स्वखर्चानं टीममध्ये. पहिलं वर्ष रेडशर्ट म्हणून, म्हणजे सामने न खेळता सरावात गेलं, दुसऱ्या वर्षी दोन सामन्यांत किकऑफ मिळाले. यंदा कोचनं दुसऱ्या कॉलेजातून तयार किकर आणला आणि हा तिसऱ्या नंबरवर गेला. यंदा एकाही सामन्यात उतरलेला नाही. आता म्हणतो, जानेवारीत ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकणार. इन्स्टाग्रामवर कुणी एजंट भेटलाय. 'एक कॉलेज तयार आहे, स्कॉलरशिप देतील, वर पैसेही देतील, तू फक्त नाव टाक' असं तो सांगतो. ह्यांच्या मते हा पळपुटेपणा आहे, आणि इंजिनिअरिंगच्या मधोमध कोण कॉलेज बदलतं? बापलेकाचं बोलणं बंद आहे. ठाण्याहून सासूबाई रोज फोनवर विचारतात, कॉलेजनं काढून टाकलं का गं त्याला? मला नियमच नीट कळत नाहीत. एक वर्ष न खेळता बसावं लागेल का? कोच अडवू शकतो का? नाही जमलं तर परत येता येतं का? आणि मी कुणाची बाजू घेऊ? – एक आई"

ताई,

तुमच्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. वर्षभर बसावं लागणार नाही. कोच अडवू शकत नाही. परत येता येईल, पण टीमनं घेतलं तर. ते त्यांच्या मर्जीवर. चौथ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल, कारण तुमचे यजमान आणि चिरंजीव एकाच गोष्टीवरून भांडतायत आणि दोघांनाही ते ठाऊक नाही.

तुमच्या घरात नियमांबद्दल जो गोंधळ आहे तो स्वाभाविक आहे, कारण सात-आठ वर्षांत हे नियम इतके बदलले की ज्यांनी ते २०१७ साली वाचले त्यांचं सगळं ज्ञान आज उलटं आहे. पूर्वी फुटबॉलपटूला दुसऱ्या कॉलेजाशी नुसतं बोलायलाही आपल्या कॉलेजची परवानगी लागायची. अमुक कॉलेजला जाऊ देणार नाही असं कोच सांगू शकायचे. आणि गेलंच कुणी, तर नव्या ठिकाणी एक मोसम बाकावर. ऑक्टोबर २०१८ मध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेनं, पोर्टल सुरू केलं आणि परवानगीची भानगड संपली. खेळाडूनं लेखी कळवायचं, कॉलेजनं कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव पोर्टलवर चढवायचं, एवढंच. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदललं तर न बसता खेळायची मुभा मिळाली. मग डिसेंबर २०२३ मध्ये सात राज्यांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टात एनसीएएला खेचलं, की दुसऱ्यांदा बदलणाऱ्याला बसवून ठेवणं हे स्पर्धाविरोधी आहे. कोर्टानं तो नियम तिथल्या तिथे रोखला, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएनं स्वतःच नमतं घेतलं. कितीही वेळा बदला, लगेच खेळा.

फक्त एक अट ठेवली. अभ्यास पुरा असला पाहिजे.

ही अट ऐकायला नावापुरती वाटते, पण तुमच्या मुलाच्या बाबतीत सगळं प्रकरण तिच्यावरच येऊन थांबतं. मी एका विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसात काम करते. बाहेरून येणाऱ्या मुलांची ट्रान्सक्रिप्टं, म्हणजे गुणपत्रिका, तपासायची, कुठला कोर्स धरायचा आणि कुठला नाही ते ठरवायचं, यावर माझं पोट चालतं. तेव्हा इथे जरा रेंगाळते, तुम्ही सांभाळून घ्या.

एनसीएएच्या पहिल्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, खेळायचं तर दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा ४० टक्के भाग, तिसरं संपेपर्यंत ६० टक्के आणि चौथं संपेपर्यंत ८० टक्के भाग पुरा झालेला असावा लागतो. आता मेख अशी, की ही टक्केवारी नव्या कॉलेजच्या पदवीवर मोजतात, जुन्या नाही. प्रत्येक कोर्सला ठरावीक क्रेडिटं, म्हणजे गुणभार, असतात. समजा नव्या ठिकाणी मेकॅनिकलची पदवी १२८ क्रेडिटांची आहे. त्याचे ६० टक्के म्हणजे ७७. तुमच्या मुलाची मे २०२६ पर्यंत ८८ क्रेडिटं होतील असं धरू. आई-वडील म्हणतात, झालं की, अकरा जास्तच आहेत. नाही. विद्यापीठानं 'स्वीकारलेलं' क्रेडिट वेगळं आणि पदवीत 'धरलेलं' क्रेडिट वेगळं. स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स, कॅल्क्युलस बहुतेक ठिकाणी सुखरूप पोचतात. अडकतात ते बारके. पहिल्या वर्षाचा डिझाइनचा कोर्स, जो प्रत्येक कॉलेज आपापल्या पद्धतीनं शिकवतं. जुन्या ठिकाणी मॅटलॅबमध्ये शिकलेलं प्रोग्रॅमिंग, आणि नव्यांना हवं असतं पायथन. फिजिक्सची लॅब एकीकडे लेक्चरमध्येच मिसळलेली, दुसरीकडे तिचं स्वतंत्र क्रेडिट. इतिहास-साहित्याचे दोन कोर्स येतात, पण 'फ्री इलेक्टिव्ह', म्हणजे सक्तीच्या विषयांबाहेरचे, म्हणून, आणि इंजिनिअरिंगच्या पदवीत फ्री इलेक्टिव्हला बहुतेक ठिकाणी फारशी जागा नसते. अशी चौदा क्रेडिटं गळाली की उरली ७४. तीन कमी. म्हणजे एक कोर्स. तेवढ्यासाठी तो पुढचा मोसम खेळायला अपात्र. उन्हाळ्यात एखादा कोर्स करून भरपाई होऊ शकते, पण ती आधी कळली तर. ऑगस्टमध्ये कळली तर काय उपयोग?

म्हणून म्हटलं की दोघं एकाच गोष्टीवरून भांडतायत. बाबा म्हणतात पदवीचं काय, मुलगा म्हणतो खेळायचं काय, आणि नियमाप्रमाणे खेळता येणार की नाही ते पदवीवरच ठरणार आहे.

आता वेळापत्रक. आधी वर्षातून दोन खिडक्या, म्हणजे नाव टाकायच्या मुदती, असायच्या, डिसेंबरात एक आणि वसंतात एक. वसंतातली बंद केली. या वेळी एकच आहे, २ ते १६ जानेवारी २०२६. २ तारखेला शुक्रवार आहे. त्यानं सकाळी ईमेल केली तरी कॉलेजकडे कामकाजाचे दोन दिवस असतात, मधे शनिवार-रविवार, म्हणजे नाव मंगळवार ६ तारखेपर्यंत दिसेल. पुष्कळ विद्यापीठांचं स्प्रिंग सेमिस्टर १२ च्या आसपास सुरू होतं. उरलेल्या पाच-सहा दिवसांत कॉलेज ठरवायचं, कॅम्पस बघायचा, अॅडमिशन घ्यायची, आणि क्रेडिटांचा निकाल मिळवायचा? आमच्या ऑफिसात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्धी माणसं सुट्टीवर असतात. पोर मोठ्या आशेनं गाडी भरून निघतं आणि मार्चमध्ये आमच्याकडून पत्र जातं की एवढीच धरली.

एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खिडकी फक्त नाव टाकण्यासाठी आहे. नवीन कॉलेज त्याच पंधरवड्यात ठरवायला हवं असं नाही, आणि जानेवारीतच तिथे जायला हवं असंही नाही. नाव टाकलं म्हणून तो विद्यार्थी राहत नाही असंही नाही. तो टीमबाहेर जाऊ शकतो, वर्गाबाहेर नाही.

तुमच्या मुलाची बाजू इथे चक्क बळकट आहे, आणि ती कुणी त्याला सांगितलेली दिसत नाही. स्कॉलरशिपवाल्या मुलानं नाव टाकलं की त्याचं कॉलेज सेमिस्टरअखेर ती बंद करू शकतं. म्हणजे नोकरीची ऑफर हातात यायच्या आत राजीनामा दिल्यासारखं. तुमच्या यजमानांनी एच-वन-बी व्हिसावर कंपनी बदलली असेल तर त्यांना हे पटकन कळेल. तिथे आपण नवीन कंपनीनं कागद दाखल केल्याशिवाय जुनी सोडत नाही, आणि पोर्टलमध्ये नेमका उलटा क्रम आहे. पण तुमच्या मुलाला स्कॉलरशिपच नाही. फी तुम्हीच भरताय. तेव्हा त्याचं जाईल काय? टीममधली जागा, लॉकर, ट्यूटर, आणि खेळाडूंना कोर्स निवडायला जो आधी नंबर मिळतो तो. शेवटचं हलकं समजू नका, इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये जागा मिळणं त्यावर असतं. पण पदवी जात नाही. पोर्टलमध्ये कुणी विचारलं नाही, तर तो तिथेच राहून इंजिनिअर होईल. त्याला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण पाण्यात पडणार नाही.

किती वर्षं उरली, हेही नीट मोजून घ्या. त्यानं तुम्हाला सांगितलं असेल की रेडशर्ट म्हणजे एक वर्ष 'वाचवलं'. चारपर्यंत सामने खेळले तर तो मोसम मोजत नाहीत हे खरं, म्हणजे त्याच्या पहिल्या दोन वर्षांत कागदावर एकही मोसम खर्च झाला नाही, आणि यंदाचाही होणार नाही. पण वर एक घड्याळ आहे: पाच वर्षांत चार मोसम. ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि कुणासाठी थांबत नाही. त्याला २०२६ आणि २०२७ एवढे दोनच मोसम मिळणार, मागे कितीही 'वाचवले' असले तरी.

आता तो एजंट. त्याच्याबद्दल मला मुळीच प्रेम नाही. नाव पोर्टलवर येण्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या कोचनं खेळाडूशी बोलणं नियमाबाहेर आहे, स्वतः किंवा कुणामार्फत. तेव्हा 'एक कॉलेज तयार आहे' हे आत्ताच सांगणारा माणूस एकतर थाप मारतोय किंवा नियम मोडणाऱ्याचा निरोप्या आहे. (असे निरोप सर्रास फिरतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्यांच्यासाठी फिरतात ते क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारे, असतात, तिसऱ्या नंबरचे किकर नव्हेत.) एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या खेळाडूंचा एजंट व्हायला खेळाडूंच्या संघटनेची परीक्षा द्यावी लागते. कॉलेजच्या मुलांचे नाव-प्रतिमेचे, म्हणजे जाहिरातीत नाव-फोटो वापरू देण्याचे, करार जमवून देणाऱ्याला एनसीएएची तसली काही परीक्षा नाही. त्यानं कुठल्या कागदावर सही करायला सांगितली असेल तर आधी तो कागद तुम्ही वाचा, किती टक्के आणि किती वर्षं ते बघा.

पैशांचं म्हणाल तर जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, कोर्टातल्या तडजोडीनंतर. एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा ठरली. आकडा ऐकून डोळे दिपतात, पण त्यातला मोठा वाटा जातो वरच्या मोजक्या जणांकडे. बाहेरच्या कंपनीकडून सहाशे डॉलरच्या वर काही मिळालं तर तो करार कळवून तपासून घ्यावा लागतो. त्याच तडजोडीत आणखी एक झालं, ते तुमच्या कामाचं: ८५ स्कॉलरशिपांची मर्यादा गेली आणि तिच्या जागी १०५ खेळाडूंची आली. पूर्वी वॉक-ऑन धरून टीम सव्वाशेच्या घरात असायची. आता जागा मोजून, त्यात किकर दोन, फार तर तीन. कोचनं बाहेरून तयार किकर आणला त्याचं कारण मुलाच्या पायात खोट आहे असंच नसेल. कोवळ्या पोराला दोन वर्षं सांभाळायला त्याच्याकडे आता जागाच नाही.

तोंडी शब्दाचं काय होतं ते सप्टेंबर २०२४ मध्ये लास व्हेगासच्या विद्यापीठात, यूएनएलव्हीमध्ये, दिसलं. मॅथ्यू स्लूका हा त्यांचा क्वार्टरबॅक, टीमनं पहिले तिन्ही सामने जिंकलेले, आणि तो मोसम सोडून निघून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं, सहायक कोचनं एक लाख डॉलर तोंडी कबूल केले होते आणि ते आले नाहीत. विद्यापीठाच्या बाजूनं सांगितलं गेलं की तशी औपचारिक ऑफर कधी नव्हतीच. खरं कोण, ते मी कशाला ठरवू? कागद नव्हता, एवढं मात्र दोन्ही बाजूंवरून कळतं. तुमच्या मुलाला सांगा, स्कॉलरशिप किती सेमिस्टरची, उन्हाळ्याचे कोर्स धरून की सोडून, हे कॉलेजच्या लेखी करारात आल्याशिवाय 'हो' नाही.

'पळपुटेपणा' हा शब्द मला पटला नाही, ते यजमानांना सांगा. बेकर मेफील्ड हा क्वार्टरबॅक टेक्सस टेकमध्ये असाच वॉक-ऑन होता. २०१३ मध्ये पहिल्याच वर्षी सामन्यात उतरला, पुढच्या जानेवारीत ओक्लाहोमाला गेला, तेही पुन्हा वॉक-ऑन म्हणूनच. तेव्हाचे नियम कडक, २०१४ चा सगळा मोसम बाहेर बसला, वर खेळायचं एक वर्षही कापलं. २०१६ मध्ये त्याच्या कॉन्फरन्सनं, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटानं, वॉक-ऑनसाठी नियम बदलला, वर्ष परत मिळालं, आणि त्या परत मिळालेल्या २०१७ च्या मोसमात त्यानं हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा मान, घेतली. तुमचा मुलगा मेफील्ड आहे असं मी म्हणत नाही. तिसऱ्या नंबरवर बसून राहणं म्हणजे निष्ठा आणि उठून जाणं म्हणजे पळ, हा हिशेब कोचही स्वतःला लावत नाहीत एवढंच. चांगली ऑफर आली की मोसम संपायच्या आत निघतात.

तर आता माझं मत. त्याला नाव टाकू द्या, पण त्याआधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत, आणि त्या दोन्ही त्यानं स्वतः करायच्या. तुम्ही फोन करायचा नाही, आणि बाबांनी तर मुळीच नाही.

पहिली, कोचशी एक सरळ बोलणं. मोसम संपला की किकरांचं बघणाऱ्या, स्पेशल टीम्सच्या कोचकडे जाऊन विचारायचं, २०२६ मध्ये मी तुमच्या कुठल्या नंबरवर आहे? बाहेरून आणलेल्या किकरचा शेवटचा मोसम असेल तर उत्तर कदाचित वेगळं येईल, आणि मग सगळा खटाटोप नकोच.

दुसरी, क्रेडिटं. पोर्टलच्या आधी तो दुसऱ्या कोचशी बोलू शकत नाही, पण कुठल्याही विद्यापीठाच्या वेबसाइटवरचा क्रेडिट तपासायचा तक्ता बघायला त्याला कोण अडवणार? चार-पाच कॉलेजं निवडायची आणि आपला प्रत्येक कोर्स तिथे कशाच्या बरोबरीचा धरतात ते एका शीटमध्ये लिहायचं. सोबत प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवायचा, वाद झाला की आम्ही तोच मागतो. आपल्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसलाही, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात की नाही ते बघणाऱ्यांना, आधी भेटायचं. वॉक-ऑनला लागू असणारे अपवाद आणि तारखा त्यांना पाठ असतात, आणि त्यांच्याशी बोललं म्हणजे नाव टाकलं असं होत नाही.

हे जमलं तर २ जानेवारीला नाव टाकावं, स्प्रिंग सेमिस्टर आहे तिथेच पुरं करावं आणि जमलं कुठे तर मे-जूनमध्ये जावं. याचा तोटाही सांगते. नव्या टीमचा मार्च-एप्रिलमधला सराव हुकेल, आणि बरेच कोच जानेवारीतच येणारा मुलगा पसंत करतात. पुढच्या फळीतल्या लाइनमनला ते महागात पडेल. किकरची जागा मात्र बऱ्याचदा ऑगस्टच्या कॅम्पपर्यंत लढवली जाते.

कॉलेजं निवडताना डोळे फक्त टीव्हीवर दिसणाऱ्या टीमवर नकोत. तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या पेनसिल्व्हेनियात लीहाय आणि लफाएट आहेत. डिव्हिजन वनच्याच दुसऱ्या पायरीवर खेळतात, इंजिनिअरिंग उत्तम, आणि त्या दोघांइतके एकमेकांशी सामने कॉलेज फुटबॉलमध्ये दुसऱ्या कुठल्याच जोडीनं खेळलेले नाहीत. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नसते, ती तर तुम्हाला आजही नाही. पण कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न आणि एमआयटीसुद्धा फुटबॉल खेळतात. तिथे प्रवेश अवघड, हे मान्य. बाबांची नाराजी मात्र तिथल्या तिथे निम्मी होईल.

यजमानांना आवडेल असा तिसरा रस्ताही आहे. इथेच राहून मे २०२७ मध्ये पदवी घ्यायची आणि उरलेला एक मोसम मास्टर्स करताना दुसरीकडे खेळायचा. क्रेडिटांची सगळी कटकट मिटते. क्वार्टरबॅक जो बरो ओहायो स्टेटची पदवी घेऊनच २०१८ मध्ये एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, गेला होता. किकरच्या बाबतीत मला यात एकच अडचण दिसते. कोच व्हिडिओ बघून घेतात, सामन्यातल्या किकचा व्हिडिओ, आणि चार वर्षं बाकावर बसलेल्याकडे तो असणार कुठून? सरावातली चित्रफीत चालते, पण जेमतेम. तरी हा पर्याय त्याच्यासमोर ठेवा. तो नाही म्हणेल, पण त्याच्या तोंडून कारण ऐका. कारण पटण्यासारखं असेल तर बाबांनाही पटेल.

मुलाचं तिथलं घर भाड्याचं असेल तर लीज कधी संपतं तेही बघा, बहुतेक जुलैअखेर असतं. म्हणजे मेमध्ये गेला तरी दोन महिन्यांचं भाडं तुमच्या डोक्यावर.

सासूबाईंना सांगा, कॉलेजनं काढलेलं नाही, तो बदली मागतोय. बदलीचा अर्ज म्हटलं की ठाण्यात बरोबर समजतं. आणि तो क्रेडिटांचा तक्ता तयार झाला की मुलाचं आणि कॉलेजचं नाव काढून मला पाठवा. कुठले कोर्स गळतील ते मी खुणा करून परत पाठवते.